पेटीला नमस्कार

राब भाजायला सुरुवात झाली की माझं डोकं फिरतं. माघ सरत आलेला असतो. भाताची खळी केव्हाच मोकळी झालेली असतात आणि कासा गावाच्या चहूबाजूंच्या शेतांतून पाला, शेण, वाळक्या फांद्या पसरून पुढच्या पेरणीची जमीन भाजायचं काम सुरू होतं. सकाळी शाळा उघडायला निघावं तर धूर गुडघ्याइतक्या उंचीवर पसरलेला. मुलांच्या केसांना तोच वास, वह्यांना तोच, दुपारी भाताचा पहिला घास घ्यावा तर त्यालाही तोच. पंधरा दिवसांत पळस फुलतो, मग मोहाची फुलं गळायला लागतात आणि त्यांचा गोड, आंबूस दर्प धुरात मिसळतो. या हवेवर जीव टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही एके काळी त्यांतलाच होतो. गेली दहा वर्षं मात्र या धुरातून मला एका निवडणुकीचे दिवसच आठवतात, आणि ते आठवले की समोर कोण आहे हे न बघता मी तोडून बोलतो.

यंदा समोर वकील होते. डहाणूचे हे वकील माझ्या ओळखीचे फार जुने. स्वच्छ कपड्यांचे, स्वच्छ हातांचे, वाचणारे गृहस्थ. ते वाईट नाहीत हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसावरचा राग इतकी वर्षं टिकत नाही. त्यांची जीप शाळेच्या कुंपणाशी थांबली. ते उतरले, रुमालाने मान पुसली आणि वर्गाच्या दारातूनच म्हणाले, "गुरुजी, या खेपेला माणूस सापडलाय."

मी मुलांना पाढे लिहायला सांगून बाहेर आलो.

"निवृत्त डॉक्टर आहेत," ते म्हणाले. "पलटणीत होते. देशभर फिरलेले, माणसं जगवलेली. राजकारणाशी कधी काडीचा संबंध नाही. असा आयुष्य पाहिलेला माणूस असेंब्लीत गेला पाहिजे. तुम्ही या बाजूचे पाडे सांभाळा."

शब्द तेच होते. दहा वर्षांपूर्वी याच माणसाने याच ओट्यावर हेच शब्द म्हटले होते, आणि तेव्हा मला ते ऐकून भरून आलं होतं.

तेव्हाचा माणूस म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या द्वारकाबाई.

द्वारकाबाई कासाच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. जन्म डहाणूच्या किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या घरात. आई सुके बोंबील आणि सुकट टोपलीत घालून आमच्या बाजाराला यायची, तिच्यामुळे त्यांना हा मुलूख लहानपणापासून माहीत. लग्न झालं ते टिकलं नाही. नवऱ्याचं घर सोडून त्या मुंबईला गेल्या, नर्सिंग शिकल्या आणि कासाला आल्या. डॉक्टर यायचे आणि जायचे. कुणी पावसाला कंटाळायचा, कुणी तापाला. द्वारकाबाई राहिल्या. आठवड्यातून एक दिवस, मंगळवारी, त्या सूर्या नदीच्या पलीकडच्या पाड्यांवर जायच्या. पाण्याच्या दिवसांत होडीने, एरवी पायी, लुगड्याचा काठ वर खोचून. खांद्याला कातड्याची काळी पिशवी. बोलणं आखूड आणि कोरडं. बाळंत होणाऱ्या बाईला त्या कधी धीराचं गोड बोलल्या नाहीत. "ओरडू नकोस, दम राख," एवढंच म्हणायच्या, आणि ते ऐकून बाईला दम यायचा. पोट चाचपून पोर आडवं आहे की उभं हे त्या सांगायच्या आणि त्या सांगतील तसंच निघायचं. माझ्या पहिलीच्या वर्गात त्या वर्षी जेवढी मुलं होती त्यांतली बहुतेक त्यांच्याच हातांवर जन्मली होती.

त्या वर्षी राज्य अजून एकच मोठं होतं, मराठी आणि गुजराती एकत्र नांदवलेलं, आणि आमच्या तालुक्याने कुठे जायचं यावर डहाणूच्या स्टेशनापासून तलासरीच्या चहाच्या टपरीपर्यंत वाद चालू होता. निवडणूक आली. एका बाजूला गवताच्या वखारीचे शेठ उभे होते. दुसऱ्या पक्षांचे आपापले होते. डहाणूतल्या चार शिकल्या माणसांना वाटलं, या सगळ्यांपेक्षा वेगळं, कुणाचंही मिंधं नसलेलं माणूस उभं करावं. शोधता शोधता त्यांना द्वारकाबाई सुचल्या. खरं लिहायचं तर मीच सुचवल्या.

वकिलांना त्या आधी नाही म्हणाल्या होत्या. "मला तिथलं काय कळतंय? मला इथलं कळतं."

मग मी गेलो. दवाखान्यामागच्या त्यांच्या दोन खणांच्या क्वार्टरमध्ये त्या सुया उकळत होत्या. मी म्हणालो, "बाई, किती वेळा कळवूनही औषधं येत नाहीत. जिथं ठरतं तिथं तुमच्यासारखं कुणी बसलेलं नाही म्हणून येत नाहीत."

त्या पातेल्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या महिन्यात दोराही नव्हता. लुगड्याची किनार उकळून नाळ बांधली."

"तेच म्हणतो मी."

"तिथं बसायला मिळालं तर," त्या सावकाश म्हणाल्या, "हे पहिल्याच दिवशी सांगीन."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तेव्हा त्याग समजलो. आज लिहिताना कबूल करतो, ती इच्छा होती. त्यांना ती जागा हवीशी वाटली होती, आणि त्यात काही चूक नव्हती. चूक माझी होती की हवं असणं आणि जमणं यांच्यामध्ये काय काय लागतं याची मी क्षणभरही चौकशी केली नाही.

सरकारी नोकराला निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा द्यावा लागतो. त्यांनी तो एका ओळीत लिहिला. मी तो वाचून पाहिला, त्यांनी सही केली आणि पिशवी उचलून तापाचा पेशंट बघायला गेल्या. क्वार्टर महिनाभर त्यांच्याकडेच राहणार होतं, पिशवीही स्वतःची होती. म्हणून बाहेरच्या कुणाला काही बदललेलं दिसलं नाही.

पत्रक मी लिहिलं. मराठीत मी, गुजरातीत वकिलांनी. माझ्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: लोकांच्या सेवेसाठी यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आहे. वकिलांनी ते पेन्सिलने खोडलं. "लोक म्हणतील, नोकरी गेली म्हणून बाई उभी राहिली. शिवाय उद्या हरल्या तर हसं होईल. नर्सबाई म्हणून लोक त्यांना ओळखतात, तसंच राहू द्या." मला ते पटलं. मी नवा कागद घेऊन पत्रक पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवलं.

प्रचाराचे ते दिवस अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतात. जीपच्या टपावर बांधलेला कर्णा आणि त्यातून येणारी खरखर. विवळवेढ्याला देवीच्या देवळासमोर थांबून द्वारकाबाईंनी लावलेलं हळदकुंकू, आणि कपाळावर ते पसरल्यामुळे त्यांचा अनोळखी दिसणारा चेहरा. तलासरीला बाजाराच्या दिवशी वकिलांनी गुजरातीत केलेलं सुंदर भाषण, ज्याला टाळ्या मिळाल्या त्या बहुतेक व्यापाऱ्यांच्या. कैनाडला एका शेतकऱ्याने आम्हाला नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली तेव्हा द्वारकाबाई पहिल्यांदा हसल्या. "माझ्या आईचे असतील हे बोंबील," म्हणाल्या. वर पांढरं ऊन, खाली राबाचा धूर, आणि मधे आम्ही, खात्री बाळगणारे.

नदीपलीकडच्या पाड्यावरची सभा मात्र पूर्ण आठवते. आंब्याच्या झाडाखाली शंभरेक माणसं बसली होती. बायका मागे, कडेवर पोरं. वकिलांनी ओळख करून दिली आणि द्वारकाबाई उभ्या राहिल्या. भाषण मी लिहून दिलं होतं, त्यांनी ते पाठ केलं होतं. तीन वाक्यं झाली असतील. तेवढ्यात मागून एक बाई उठली आणि गर्दीतून वाट काढत थेट त्यांच्यासमोर आली. कडेवरचं पोर डोळे अर्धवट मिटून पडलेलं.

"बाय, काल्पासून दूध धरत नाय," ती म्हणाली.

द्वारकाबाई बोलायच्या थांबल्या. पोराची पापणी ओढून पाहिली, टाळूवर बोट ठेवलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. "पाणी उकळून आण. मीठ आण. गूळ आहे का?" त्या खाली बसल्या. मग दुसरी आली, खरूज झालेल्या पोराला घेऊन. मग एक म्हातारा, पायाला फुटलेली चीर दाखवत. अर्ध्या तासात सभेची रांग झाली.

वकील माझ्या कानाशी आले. "गुरुजी, ही सभा आहे, दवाखाना नव्हे. त्यांना सांगा."

मी सांगितलं. द्वारकाबाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, "हे झाल्यावर बोलते."

झाल्यावर त्या बोलल्या, पण पाठ केलेलं विसरून गेल्या होत्या. औषधं वेळेवर यावीत, नदीवर पूल व्हावा, एवढंच म्हणाल्या. तेव्हा पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाय, तू तिकडं मुंबईस गेलीस तर मंगळवारी इकडं येशील का?"

वकिलांनी घसा खाकरला. येईन म्हणा, असा त्याचा अर्थ होता. द्वारकाबाईंनी तिकडे बघितलं नाही. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"दर मंगळवारी नाही जमणार," त्या म्हणाल्या. "वर्षाचे बरेच दिवस तिकडेच राहावं लागेल."

म्हाताऱ्याने मान डोलावली. बायका आपापसात हळू बोलू लागल्या. जीपमध्ये बसताना वकील म्हणाले, "इतकं खरं बोलायची गरज नव्हती." मी म्हणालो, "याच खरेपणासाठी तर आपण त्यांना उभं केलं." आम्ही दोघंही आपापल्या परीने शहाणे होतो आणि दोघांनाही त्या म्हाताऱ्याचा प्रश्न कळला नव्हता.

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. पेटीवर निशाणीचं चित्र चिकटवलेलं. मतदाराने पडद्यामागे जायचं आणि हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. मतदानाच्या दिवशी नदीपलीकडची माणसं नटून आली होती, बायकांच्या अंबाड्यांत फुलं होती. येता-जाता बायका द्वारकाबाईंच्या पाया पडत होत्या. वकिलांनी माझा हात दाबला. "बघा," ते म्हणाले.

निकाल लागला तेव्हा द्वारकाबाई शेवटून दुसऱ्या होत्या. नदीपलीकडच्या केंद्रावरची त्यांची पेटी जवळजवळ रिकामी निघाली होती. शेठ निवडून आले.

त्या कुणासमोर रडल्या नाहीत. क्वार्टरमधलं सामान एका ट्रंकेत आणि दोन बोचक्यांत बांधलं. मी एसटीवर पोचवायला गेलो. गाडी सुटायच्या आधी त्या म्हणाल्या, "शेठनी पाड्यांवर ताडी वाटली म्हणे."

"हो, असं कानावर आलंय," मी म्हणालो.

"एका दिवसाच्या ताडीवर," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून दुसरीकडे बघू लागल्या.

ताडी वाटली होती, हे खरं. पण कारण ते नव्हतं. ते मला दोन महिन्यांनी कळलं आणि कळल्यावर मी ते दहा वर्षं पोटात ठेवलं.

चैत्रात विवळवेढ्याची जत्रा भरली होती. रस्त्यावर बैलगाड्यांची रीघ, पिपाण्या, उसाच्या रसाचे चरक. शाळेला सुट्टी होती, मी ओट्यावर काही वाचत बसलो होतो. भर दुपारी नदीपलीकडच्या पाड्यावरचा काळू धावत आला. त्याची बायको लाडकी सकाळपासून अडली होती. तो आधी दवाखान्यामागच्या क्वार्टरवर गेला होता. तिथे कुलूप.

"बाय कुठं गेली?" त्याने विचारलं.

"डहाणूला. नोकरी सोडली त्यांनी."

त्याला खरं वाटेना. "कदी? मत मागाय आली तवा पिशवी होती की खांद्याला."

नवीन नर्सची नेमणूक झाली नव्हती, ती पुढे पावसाळा संपल्यावर झाली. डॉक्टर रजेवर होते. मी गवताच्या गासड्या नेणारा एक ट्रक थांबवला. चौघांनी लाडकीला बाजेवर घालून नदीतून आणलं, ट्रकमध्ये ठेवलं. जत्रेच्या गर्दीतून ट्रक पुढे सरकेना. ड्रायव्हर सारखा भोंगा वाजवत होता आणि लोकांना वाटत होतं, गंमत चालली आहे. लाडकी वाचली. मूल जन्मलं तेव्हा गेलेलंच होतं. पोर आडवं होतं, असं डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं. द्वारकाबाई त्याच गावात, तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर, आईच्या ओटीवर बसून सुकट निवडत असतील. कुणाला त्यांना बोलवायचं सुचलं नाही. मलाही नाही.

महिन्याभराने मी पाड्यावर गेलो. कशासाठी गेलो, ते नीट सांगता येणार नाही. लाडकी कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती, समोर मोहाची फुलं वाळत घातलेली. मी तब्येत विचारली. ती बरी आहे म्हणाली. मग मी जे विचारू नये ते विचारलं. रागच होता माझ्या मनात, पाड्यावरच्या माणसांवरचा.

"लाडकी, बाईंनी तुम्हा सगळ्यांसाठी इतकं केलं. तुम्ही त्यांना मत का नाही दिलं? ताडीसाठी?"

तिला राग आला नाही. ती थोडा वेळ फुलं सारखी करत राहिली.

"आमी बायकांनी बोलून ठरवलं होतं," ती म्हणाली. "बाय निवडून आली असती तं मुंबईस गेली असती. तिनंच सांगितलं तसं. मग आमचं कोण करील? माझे दिस तवा भरत आले होते. म्हणून बायला मत नाय द्यायचं. बाय इथंच राहील."

तिने हातातलं फूल उन्हात ठेवलं.

"तिच्या पेटीला मी हात लावला," लाडकी पुढे म्हणाली. "नमस्कार केला. आन् चिठ्ठी बाजूच्या पेटीत टाकली."

मग तिने मला विचारलं, "गुरुजी, बायनं नोकरी आधीच सोडली होती, ते आमाला कुणी का नाय सांगितलं?"

माझ्या पहिल्या खर्ड्यातलं ते वाक्य मला अक्षर न् अक्षर दिसलं, त्यावरची पेन्सिलची रेघही दिसली. मी उठलो. नदी पार करताना पाणी घोट्याएवढंच होतं, तरी मला पलीकडे जायला फार वेळ लागला.

तेव्हापासून मला ही जात सहन होत नाही, आयुष्य पाहिलेल्या माणसाला शोधत हिंडणाऱ्यांची. त्यांना वाटतं, एका कामात जन्म घालवलेल्या माणसाच्या अंगी एक पुण्य साठतं आणि ते कुठेही नेऊन खर्च करता येतं. द्वारकाबाईंचं ज्ञान त्यांच्या तळहातात होतं. पोटावर हात ठेवला की ते जागं व्हायचं. असेंब्लीच्या बाकावर हात कशावर ठेवायचा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवावं लागतं हेच आम्हाला मान्य नव्हतं. पोर कसं फिरवायचं हे त्या एका दिवसात शिकल्या नव्हत्या. वर्षानुवर्षं दुसऱ्या जाणत्या बाईच्या शेजारी उभ्या राहून शिकल्या होत्या. राज्य चालवायला मात्र नुसता चांगुलपणा पुरेल, असं आम्ही धरून चाललो. हा चांगुलपणाचा मान नव्हे, हा राज्यकारभाराचा अपमान आहे, आणि नर्सच्या कामाचाही.

शेठांची बाजू मी घेत नाही. ते पाच वर्षं बाकावर बसले आणि त्यांच्या वखारीपर्यंतचा रस्ता तेवढा पक्का झाला. बाकाची सवय असलेली माणसं लायक असतात असं कुणी म्हणत असेल तर त्याने त्या रस्त्यावरून चालून यावं, तो वखारीपाशी संपतो. पण शेठ जिंकले काय, हरले काय, पाड्यावरून काहीच वजा झालं नसतं. आम्ही मात्र जे होतं तेच उपटून नेलं. आणि वकील स्वतः कधी उभे राहिले नाहीत. त्यांची वकिली चालू राहिली, माझी शाळा चालू राहिली. मोकळी झाली ती फक्त द्वारकाबाईंची जागा.

हे सगळं मी त्या दिवशी शाळेच्या कुंपणाशी उभा राहून वकिलांना सुनावलं, जत्रेतल्या ट्रकपासून लाडकीच्या पोरापर्यंत. मुलं पाढे लिहायची थांबून ऐकत होती. वकिलांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत. द्वारकाबाईंना तरी सांगितलं होतंत?"

"नाही."

"मग दहा वर्षं तुम्ही रागावलात कुणाच्या वतीने?"

जीप वळली आणि गेली. धूळ बराच वेळ तरंगत होती.

येत्या रविवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी डहाणूला गेलो. द्वारकाबाई एका खासगी प्रसूतिगृहात काम करतात, दुपारी घरी असतात. केस पिकले आहेत. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, त्यांचा खारा वास घरभर. त्यांनी चहा केला. मी सगळं सांगितलं: खोडलेलं वाक्य, कुलूप, ट्रक, लाडकी काय म्हणाली ते. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"आडवं होतं?" एवढंच विचारलं.

"हो."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दहा वर्षं मी त्यांना ताडीवर विकली गेलेली माणसं समजत होते. त्यांच्या बाजूने आलेली बाळंतीण असली तर माझा हात एरवीसारखा हलका व्हायचा नाही. हे तुम्ही मला करायला लावलंत."

"मला वाईट वाटतं, बाई. तेव्हापासून संताप आहे माझ्या मनात."

"तुमचा संताप तुमच्यापाशी ठेवा, गुरुजी. त्याचा मला काय उपयोग?" त्या उठल्या. "आणि एक ध्यानात घ्या. तुम्ही मला फसवून उभं केलं नाहीत. मला उभं राहायचं होतं. आजही वाटतं, तिथं माझ्यासारखी कुणीतरी असायला हवी होती. पण मी जे सोडून जात होते ते ज्यांचं होतं त्यांना मी विचारलं नाही. ती चूक माझी. तेवढी माझ्याकडे राहू द्या."

चहाचा कप त्यांनी माझ्या हातून घेतला आणि आत नेऊन ठेवला. मी निघालो.

आठवड्याने बाजाराच्या दिवशी लाडकी भेटली. वरईची पाटी पुढ्यात, शेजारी तिची मोठी मुलगी.

"बाय आली होती," ती म्हणाली. "मंगळवारी. चालत."

"काय म्हणाली?"

"कायच नाय. बसली. दुपारपरत बसली. पोराला कुठं ठेवलं ते विचारलं, तिथं जाऊन आली. मग जाताना विचारलं, लाडकी, मी परत कधी उभी राहिले तं मत देशील का?"

"मग तू काय म्हणालीस?"

लाडकीने पाटीतली वरई हाताने सारखी केली.

"म्हटलं, पयलं इथं राहाय ये. मंग बघू."

परवा कळलं, द्वारकाबाईंनी प्रसूतिगृहात महिन्याची सूचना दिली आहे आणि कासाला नदीच्या बाजूला एक खोली बघितली आहे. सरकारी नोकरीचं त्यांचं वय आता राहिलं नाही, पण सुईणीचं काम करायला त्यांना कुणाच्या नेमणुकीची गरज नाही. खोली शोधायला त्यांनी बाजारात चार जणांना विचारलं. मला विचारलं नाही.